कम्युनिटी कॉलेजच्या बोर्डापुढे कसं जायचं : कॅलिफोर्नियात नव्यानं आलेल्यांसाठी

माझा संध्याकाळचा अकाउंटिंगचा वर्ग कम्युनिटी कॉलेजनं, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजनं, रद्द केला, तेव्हा मला या देशात येऊन दीड वर्ष झालं होतं. व्हिसा एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर मिळालेला. मुलगी लहान, नवरा सहाला घरी यायचा, त्यानंतर मी बाहेर पडायची. तो एक वर्ग गेला म्हणजे माझं शिक्षणच थांबलं. वर्गात शेजारी बसणाऱ्या बाई म्हणाल्या, "सोमवारी बोर्डाची मीटिंग आहे, तू ये." मी विचारलं, "मला आत सोडतील?"

मंडळाच्या गणपतीत नवे लोक भेटतात आणि कॉलेजचा विषय निघतो, तेव्हा आजही हाच प्रश्न मला विचारला जातो. उत्तर असं की सोडतात, आणि बोलूही देतात. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्ड लागत नाही, कॉलेजात नाव घातलेलं असण्याचीही गरज नाही. बैठकीला येऊन बसण्यासाठी नाव-पत्ता लिहून द्यायची सक्तीही करता येत नाही. कॅलिफोर्नियात 1953 सालापासून ब्राउन अॅक्ट नावाचा कायदा आहे. स्थानिक संस्थांचा कारभार लोकांसमोर चालला पाहिजे, असं तो सांगतो. शहराची कौन्सिल, शाळांची बोर्डं आणि कम्युनिटी कॉलेजांची बोर्डं, सगळी या कायद्यात येतात.

आधी हे बोर्ड म्हणजे कोण, ते कळू द्या

आपल्याकडे कॉलेज म्हटलं की डोळ्यांसमोर शिक्षण संस्था येते. तिचे विश्वस्त, तिचे अध्यक्ष, तिचं कार्यकारी मंडळ. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं महाविद्यालय विकास समिती आली खरी, पण गावातल्या सामान्य माणसाला संस्थेच्या बैठकीत जाऊन बसता येत नाही. म्हणून इथं आल्यावर 'बोर्ड ऑफ ट्रस्टीज' हे शब्द ऐकून आपण तसंच काहीतरी समजतो. ते डोक्यातून काढून टाका. इथले विश्वस्त मतदारांनी निवडून दिलेले असतात, नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर, चार वर्षांसाठी. तुलना करायचीच तर जिल्हा परिषदेशी करावी.

राज्यात अशी 73 डिस्ट्रिक्ट आणि 116 कॉलेजं आहेत. डिस्ट्रिक्ट म्हणजे इथं जिल्हा नव्हे, कॉलेज चालवण्यासाठी आखलेला वेगळा प्रदेश. बोर्डावर साधारणपणे पाच किंवा सात विश्वस्त असतात आणि त्यांच्या जोडीला विद्यार्थ्यांनी निवडलेला विद्यार्थी-विश्वस्त. त्याचं मत ठरावाच्या मोजणीत धरत नाहीत. पण तो त्याच टेबलावर बसतो, प्रश्न विचारतो, आणि बऱ्याच बोर्डांत त्याचं सल्ल्यादाखल मत नोंदवून घेतात. कूपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फुटहिल ही दोन कॉलेजं ज्या फुटहिल–डी अँझा डिस्ट्रिक्टखाली येतात, तिथं पाच निवडून आलेले विश्वस्त आणि प्रत्येक कॉलेजचा एक, असे दोन विद्यार्थी-विश्वस्त असतात.

बोर्ड कॉलेज रोजच्या रोज चालवत नाही. ते धोरण ठरवतं, बजेट मंजूर करतं, जमीन-इमारतींचे आणि नोकरभरतीचे ठराव करतं आणि एका माणसाला नेमतं. अनेक कॉलेजं असतील तर तो चॅन्सेलर, एकच कॉलेज असेल तर बहुतेक ठिकाणी सुपरिंटेंडेंट-प्रेसिडेंट. बाकी सगळा कारभार त्या माणसाच्या हाताखाली. म्हणून मुलाला मिळालेला ग्रेड बदलून घ्यायला विश्वस्ताकडे जाऊ नका. कायद्यानं ग्रेडचा निर्णय शिक्षकाचा असतो आणि चूक, लबाडी, आकस किंवा अपात्रता दाखवता आली तरच तो बदलतो. त्यासाठी कॉलेजची वेगळी तक्रार-पद्धत आहे.

तुमचं डिस्ट्रिक्ट कुठलं?

मुलं ज्या कॉलेजात जातात तेच आपलं डिस्ट्रिक्ट, असं नसतं. डब्लिन आणि सॅन रमोन ही लागून असलेली गावं, दोन्हीकडे मराठी घरं भरपूर. पण डब्लिन शाबो–लास पोझिटास डिस्ट्रिक्टमध्ये आणि सॅन रमोन काँट्रा कोस्टामध्ये. फ्रीमाँटकरांसाठी ओलोनी. घर स्वतःचं असेल तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढून बघा. कॉलेजच्या कर्जरोख्यांची ओळ ज्याच्या नावानं असेल ते तुमचं डिस्ट्रिक्ट. भाड्याच्या घरात असाल तर काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या साइटवर पत्ता टाकला की कळतं. आता बहुतेक ठिकाणी बोर्डाचे वॉर्डासारखे विभाग पाडलेत, त्यामुळे 'तुमचा' असा एक विश्वस्त असतो. त्याचं नाव लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

अजेंडा वाचायला शिका

या लेखातलं एकच काही करायचं ठरवलंत, तर हे करा. नियमित बैठकीचा अजेंडा निदान 72 तास आधी लावावा लागतो, खास बैठकीचा 24 तास आधी. म्हणजे सोमवारी संध्याकाळी बैठक असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अजेंडा हाती येतो, आणि शनिवार-रविवार तुमचा असतो. विश्वस्तांना वाटलेले कागद, म्हणजे अहवाल, करार, तक्ते, तुम्हालाही बघायला मिळतात. ते बहुतेक अजेंड्यालाच जोडलेले असतात.

पहिल्यांदा अजेंडा उघडला की घाबरायला होतं, दोनशे पानं सहज असतात. सगळी वाचू नका. आधी 'कन्सेंट कॅलेंडर' शोधा. रोजचे, वाद नसलेले समजले जाणारे विषय या एका गाठोड्यात बांधतात आणि एकाच मतानं, चर्चेशिवाय मंजूर करतात. नेमणुका, छोटे करार, बिलं. कधी कधी तुमच्या जिव्हाळ्याची गोष्ट याच गाठोड्यात असते. कुठल्याही विश्वस्ताला एखादा विषय त्यातून बाहेर काढायला सांगता येतं आणि मग त्यावर वेगळी चर्चा होते. म्हणून असा विषय दिसला तर बैठकीची वाट बघू नका, त्याच शनिवारी आपल्या विश्वस्ताला ईमेल करा.

मग 'फर्स्ट रीडिंग' आणि 'अॅक्शन' हे शब्द शोधा. पहिल्या वाचनाला आलेला विषय अजून ओला असतो, त्याला आकार देता येतो. 'अॅक्शन' लिहिलं असेल तर मत आजच होणार. आणि 'क्लोज्ड सेशन' म्हणजे बंद दाराआडची बैठक. ती कुठल्या कारणांसाठी घेता येते हे कायद्यानं बांधून दिलंय : कर्मचाऱ्याची नेमणूक किंवा शिस्तभंग, कोर्टातले दावे, जमिनीचा भाव ठरवणं, युनियनशी वाटाघाटी. दार बंद होण्याआधी त्या विषयांवरही लोकांना बोलू द्यावं लागतं, आणि आत काही निर्णय झाले तर ठरावीक निर्णय बाहेर येऊन जाहीर करावे लागतात. आणखी एक तरतूद मला फार मोलाची वाटते. चॅन्सेलरसारख्या वरच्या अधिकाऱ्याच्या पगाराचा विषय घाईनं बोलावलेल्या खास बैठकीत घेता येत नाही. तो नियमित बैठकीतच आला पाहिजे आणि मतदानाआधी त्याचा सारांश तोंडी सांगितला पाहिजे.

बैठकीच्या आधी करायचं काम

मी त्या सोमवारी गेले, बोलले. इंग्रजी अडखळत होतं, पण सगळं सांगितलं. अध्यक्षबाई "थँक यू" म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं. एकाही विश्वस्तानं एक शब्द विचारला नाही. घरी येताना गाडीत मी रडले. मला वाटलं, माझ्या उच्चारांमुळे, माझ्या रंगामुळे यांनी मला मोजलंच नाही.

खरं कारण मला काही महिन्यांनी कळलं, आणि ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळावं म्हणून हे लिहितेय. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर बोर्डाला चर्चा करायलाच कायद्यानं मनाई आहे. लोकांना आधी सूचना न देता निर्णय होऊ नयेत, यासाठी ती मनाई आहे. तुम्ही असा विषय काढलात तर विश्वस्त फार तर थोडक्यात उत्तर देऊ शकतात, एखादा खुलासा विचारू शकतात, अधिकाऱ्यांना बघायला सांगू शकतात किंवा पुढच्या अजेंड्यावर घ्या म्हणू शकतात. म्हणून आता मी शेवटचं वाक्य नेहमी असं ठेवते : "हा विषय पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर घ्यावा, अशी माझी विनंती आहे." कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात कम्युनिटी कॉलेजांसाठी ही खास सोय आहे. डिस्ट्रिक्टच्या कामाशी थेट संबंध असलेला विषय सामान्य माणसालाही अजेंड्यावर मांडता येतो, आणि त्याचे नियम प्रत्येक बोर्डानं करायचे असतात. ते नियम बोर्डाच्या धोरणांत सापडतात. लेखी विनंती किती दिवस आधी द्यायची, ते तिथं लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट मला आणखी उशिरा कळली. माझा वर्ग बोर्डानं रद्द केलाच नव्हता. कुठले वर्ग ठेवायचे हे त्याच्या कितीतरी आठवडे आधी, विभागप्रमुख आणि डीन यांच्या पातळीवर ठरलं होतं. बोर्डापर्यंत आलेला विषय म्हणजे बहुतेक वेळा शिजून पानात वाढलेला भात असतो. त्यात मीठ घालायचं तर चुलीपाशी जायला हवं.

ती चूल कुठं असते? 1988 च्या एका कायद्यापासून, ज्याला विधेयकाच्या क्रमांकावरून कॉलेजांत सगळे अजून 'सतराशे पंचवीस' म्हणतात, इथं कारभारात वाटेकरी असण्याची पद्धत पक्की झाली. प्राध्यापकांची अकॅडेमिक सिनेट, कर्मचाऱ्यांची सिनेट, विद्यार्थ्यांची संघटना, बजेट समिती, अभ्यासक्रम समिती. अभ्यासक्रम, ग्रेडिंगचं धोरण, नवे कोर्स अशा शैक्षणिक विषयांत बोर्डाला प्राध्यापकांच्या सिनेटशी सल्लामसलत करावीच लागते, आणि बोर्ड सहसा सिनेटच्या शिफारशीच्या विरोधात जात नाही. सिनेटच्या बैठकाही खुल्या असतात, त्यांचाही अजेंडा लागतो. तिथं आठ-दहा प्राध्यापक आणि एखादा रिकामा बाक असतो. त्या बाकावर जाऊन बसा. तुम्ही स्वतः विद्यार्थी असाल तर तुमचं आणखी चांगलं. विद्यार्थ्यांवर मोठा परिणाम करणाऱ्या निर्णयांत विद्यार्थ्यांना सहभागी करून घ्यावं, असा राज्याचा नियम आहे, आणि समित्यांवरच्या विद्यार्थ्यांच्या जागा कितीदा तरी रिकाम्या राहतात.

विश्वस्ताला ईमेल करताना दोन पथ्यं पाळा. एक, तुमचा ईमेल सार्वजनिक कागद होतो, कुणीही तो मागवू शकतं. मुलाचा आजार, व्हिसाची अडचण असं त्यात लिहू नका. दोन, सगळ्या विश्वस्तांना एकच पत्र पाठवलंत तरी चालतं, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला पुढे पाठवू नका, "त्या ताई हो म्हणाल्या, तुम्हीही म्हणा" असं करू नका. बोर्डातल्या बहुमतानं असं मागल्या दारानं आपसांत ठरवणं बेकायदा आहे, आणि मधला निरोप्या आपल्यातला कुणी असला तरी ते बेकायदाच राहतं.

बैठकीची संध्याकाळ

बहुतेक ठिकाणी प्रत्येकाला 3 मिनिटं मिळतात. बोलणारे फार असले तर अध्यक्ष वेळ कमी करतात. दाराशी एक कार्ड असतं किंवा ऑनलाइन फॉर्म असतो, त्यावर विषयाचा क्रमांक लिहा. अजेंड्यावरच्या विषयावर बोलणार असाल तर तो क्रमांक लिहिणं महत्त्वाचं, कारण मतदानाच्या आधी तुम्हाला संधी मिळाली पाहिजे. नियमित बैठकीत अजेंड्याबाहेरच्या विषयांसाठीही वेगळा वेळ असतो. खास बैठकीत मात्र फक्त तिच्या अजेंड्यावरचंच बोलता येतं. झूमवरून बोलता येतं का, ते अजेंड्याच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं.

3 मिनिटं म्हणजे सावकाश बोलल्यावर जेमतेम एक पान. घरी घड्याळ लावून वाचून बघा. आधी तुम्ही कोण आणि कुठल्या गावात राहता ते सांगा. मग काय घडलं ते, तारीख आणि आकड्यांसह. मग तुम्हाला नेमकं काय हवंय ते. "कृपया संध्याकाळचे वर्ग वाढवा" यापेक्षा "आठवड्यातून एक अकाउंटिंगचा वर्ग सहानंतर ठेवा" हे वाक्य अधिकाऱ्यांच्या वहीत उतरतं. बोर्डावर, अधिकाऱ्यांवर टीका करायला काहीच हरकत नाही. टीका केली म्हणून तुम्हाला गप्प बसवता येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. आपण लाजतो आणि आभार मानण्यात पहिलं मिनिट घालवतो. ते मिनिट वाचवा.

इंग्रजी येत नसेल तर मराठीत बोला. हे मी मनापासून सांगते. आमच्या शेजारच्या काकू नातवंडांसाठी इथं आलेल्या, सत्तरीच्या. ज्येष्ठांसाठीचे वर्ग बंद होणार म्हणून त्या मराठीत बोलल्या आणि मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला निदान दुप्पट वेळ द्यावा लागतो. काकूंना 6 मिनिटं मिळाली. सभागृहात त्या संध्याकाळी इतकी शांतता दुसऱ्या कुणाच्या बोलण्याला नव्हती. दुभाषी लागणार असेल तर आधी बोर्डाच्या कार्यालयाला फोन करून कळवा. व्हीलचेअर, ऐकू येण्याची अडचण यांसाठीही तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वस्ताला आणि चॅन्सेलरच्या कार्यालयाला चार ओळींचा ईमेल करा : काल मी हे मागितलं, याचं पुढे काय झालं ते कधी कळेल? निम्मं काम या चार ओळी करतात.

कुठल्या महिन्यात काय

पैशाचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. जानेवारीत गव्हर्नर राज्याचं बजेट मांडतात, मे महिन्यात ते सुधारतात. कॉलेजचं तात्पुरतं बजेट 1 जुलैच्या आत आणि पक्कं बजेट 15 सप्टेंबरच्या आत, लोकांची सुनावणी घेऊन, मंजूर व्हावं लागतं. सप्टेंबरच्या सुनावणीला फार थोडे लोक येतात आणि आलेल्यांच्या हाती फारसं उरलेलं नसतं. बजेटवर बोलायचं तर मार्च ते मे. प्राध्यापकांना कामावरून कमी करण्याच्या नोटिसा 15 मार्चपर्यंत द्याव्या लागतात, त्यामुळे कपातीच्या वर्षी फेब्रुवारीतल्या बैठका सगळ्यात महत्त्वाच्या. युनियनशी करार सुरू होताना दोन्ही बाजूंच्या पहिल्या मागण्या खुल्या बैठकीत मांडाव्या लागतात आणि लोकांना त्यावर बोलता येतं, हे फार कुणाला ठाऊक नसतं.

फी मात्र स्थानिक बोर्डाच्या हातात नाही. राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्सचा आकार मोजायचं माप) 46 डॉलर, 2012 पासून तीच, आणि ती राज्य ठरवतं. त्यावर बोर्डापुढे 3 मिनिटं खर्चू नका.

इमारतींचा पैसा

आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून जे जातं ते मुख्यतः इथं दिसतं. 2000 साली मतदारांनी प्रपोझिशन 39, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला राज्याचा प्रस्ताव, मंजूर केलं, तेव्हापासून शाळा-कॉलेजांच्या इमारतींसाठीच्या कर्जरोख्यांना दोन-तृतीयांशाऐवजी 55 टक्के मतं पुरतात. मार्च 2020 मध्ये फुटहिल–डी अँझाच्या मतदारांनी असाच 89 कोटी 80 लाख डॉलरच्या कर्जरोख्यांचा 'मेझर जी' नावाचा प्रस्ताव मंजूर केला. सवलतीच्या बदल्यात एक अट आहे : दरवर्षी ऑडिट आणि नागरिकांची देखरेख समिती. तिच्यात निदान सात जण लागतात. एक व्यापारी संघटनेतला, एक ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतला, एक करदात्यांच्या संघटनेतला, एक विद्यार्थी, एक कॉलेजला मदत करणाऱ्या संस्थेतला. डिस्ट्रिक्टचे कर्मचारी आणि कंत्राटदार चालत नाहीत, मानधन नाही. आपल्यात हिशेब तपासणारे, बांधकामातले, प्रकल्प सांभाळलेले निवृत्त लोक कितीतरी आहेत. बोर्ड या जागांसाठी अर्ज मागवतं, तो अर्ज भरा.

कूपर्टिनोचं फ्लिंट सेंटर आठवतंय? डी अँझाच्या आवारातलं, 1971 मध्ये उघडलेलं, सुमारे 2400 खुर्च्यांचं नाट्यगृह. 1984 मध्ये स्टीव्ह जॉब्जनी पहिला मॅकिंटॉश तिथंच दाखवला. ते कायमचं बंद करायचा निर्णय 2019 मध्ये विश्वस्त मंडळानं घेतला, खुल्या बैठकीत. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना तो नंतर कळला. मी स्वतः तेव्हा अजेंडा नियमानं वाचायला लागले होते, तरी तो महिना सुट्टीत गेला आणि माझ्याकडून सुटला. तेव्हापासून अजेंड्याच्या ईमेल यादीत मी नाव घातलंय. तुम्हीही आजच घाला, फुकट असतं.

कागद मागायचे असतील तर

आपल्या माहिती अधिकारासारखा इथं पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्ट आहे. भारतात तो हक्क नागरिकांना आहे, इथं कुणालाही. कारण सांगावं लागत नाही, ठरावीक अर्ज नसतो, ईमेल पुरतो. कागद देणार की नाही हे 10 दिवसांत कळवावं लागतं, अडचण असेल तर आणखी 14 दिवस. "सगळा पत्रव्यवहार द्या" म्हटलंत तर महिने जातील. कराराचं नाव, वर्ष, विभाग लिहा.

नागरिक झाल्यावर

मत द्यायला आणि उभं राहायला मात्र नागरिकत्व लागतं. मतपत्रिकेच्या तळाशी कॉलेजच्या बोर्डाची जागा असते आणि बरेच जण तिथपर्यंत पोचतच नाहीत, वरची नावं भरून थांबतात. ही जागा किती नाजूक आहे ते सॅन फ्रान्सिस्कोनं पाहिलंय. 2013 मध्ये तिथल्या सिटी कॉलेजची मान्यता धोक्यात आली, तेव्हा निवडून आलेल्या विश्वस्तांचे अधिकार बाजूला ठेवून राज्यानं एक विशेष विश्वस्त नेमला. कॉम्प्टनच्या कॉलेजची मान्यता तर 2006 मध्ये खरोखर गेली आणि परत मिळायला 2017 उजाडलं.

उभं राहायचं असेल तर त्या डिस्ट्रिक्टमध्ये, आणि विभाग पाडलेले असतील तर त्या विभागात, राहणारे नोंदणीकृत मतदार असावं लागतं. कॉलेजची नोकरी आणि विश्वस्तपद दोन्ही सांभाळता येत नाही. अर्ज काउंटीच्या निवडणूक कार्यालयात, निवडणुकीच्या वर्षी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत घेतात. मतदारांच्या पुस्तिकेत छापायच्या निवेदनाचा खर्च बहुतेक ठिकाणी उमेदवाराला करावा लागतो, तो अर्ज भरण्याआधीच विचारून घ्या. आणि त्याच्या आधीचं वर्षभर बोर्डाच्या सगळ्या बैठकांना जाऊन बसा, मागच्या रांगेत, अजेंडा मांडीवर घेऊन.